कैलासवासी बॅंटमवेट

दशाश्वमेध, काशी
ता. ११ जानेवारी १९३८

दादा,

कैलासवासी यज्ञेश्वराचा नमस्कार. मेलेल्या धाकट्या भावाने थोरल्याला साष्टांग घालावा की नाही, हे तुमच्या पोथ्यांत कुठंतरी असेलच. मला ठाऊक नाही, म्हणून उभ्यानेच घालतो.

काल सकाळी सहा वर्षांनी मी आपल्या राजा घाटाच्या घरी आलो. हातात ट्रंक, खांद्यावर वळकटी. तुम्ही कडी काढलीत, माझ्याकडे पाहिलंत आणि कडी पुन्हा लावलीत. आतून म्हणालात, "जो कोणी असशील तो जा. या घरात तुझं उत्तरकार्य झालंय." मग खिडकीतून पळीभर पाणी अंगावर आलं. भूत समजून मारलंत की सोवळं मोडू नये म्हणून, तेवढं कळवा.

मला काहीच कळेना. गल्लीच्या तोंडाशी आपला जुना पानवाला बसतो, तो मला बघून उठूनच उभा राहिला. "अरे पंडितजी! आप तो रंगून में गुज़र गए थे न? हम तो आपकी तेरहवीं की पूड़ी भी खा आए." माझ्या मरणाची हकीकत मला त्याच्याकडून ऐकावी लागली. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत कलकत्त्याच्या कुठल्याशा वर्तमानपत्राने छापलं, की बनारसचा बॅंटमवेट पंडित रंगूनला मुष्टियुद्धाच्या रिंगणात ठार झाला. तुम्ही ते वाचलंत. प्रेत मिळण्यासारखं नव्हतं, म्हणून पळसाच्या तीनशे साठ पानांचा पुतळा केलात, डोक्याच्या जागी नारळ ठेवलात आणि मणिकर्णिकेवर मला जाळून आलात. दहाव्या दिवशी माझ्या बायकोचे केस उतरवलेत.

दादा, मी ठार झालो नव्हतो. पडलो होतो. माझ्या धंद्यात माणसं पडतात, पुष्कळदा उठतातही. एका छापील ओळीवर विश्वास ठेवून तुम्ही मला जाळलंत. रंगूनला एक तार करून विचारावंसं वाटलं नाही?

गल्लीतून परत जाताना ती मला दिसली. तांबडं आलवण, कपाळापर्यंत पदर, कमरेवर गंगेच्या पाण्याची घागर. मी ओळखलं नाही. तिने ओळखलं. घागर पडल्याचा आवाज आला तेव्हा मी मागे वळलो, तोवर ती आपल्या दारात शिरली होती. 

मला माझी बायको परत हवी. बाकी तुमचं घर, तुमचे यजमान, तुमची पळी तुमच्यापाशी ठेवा. मी दशाश्वमेधावर धर्मशाळेत उतरलोय. चालत दहा मिनिटं लागतात. तरी हे पत्र टपालाने पाठवतो आहे, कारण टपालवाल्याला तुम्ही दार उघडता.

यज्ञेश्वर


दशाश्वमेध
ता. १६ जानेवारी

दादा,

तुमचा कागद पोचला. लीलावहिनी स्नानाला घाटावर आल्या होत्या. त्यांनी तो पायरीवर ठेवला, दोन पावलं मागे सरकल्या, मग मी उचलला. हातात द्यायला मी अजून मेलेलाच आहे ना.

तुम्ही लिहिता, ज्याची क्रिया झाली तो जिवंत परतला तर त्याला तुपाच्या कुंभात बुडवून काढावं, म्हणजे तो गर्भातून नवा आला असं होतं. मग जातकर्म, बारसं, मुंज आणि शेवटी आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न. आधार श्लोकासकट दिलाय. खाली एक अट मात्र श्लोकातली नाही, ती तुमच्या पदरची: "चामडं पुन्हा हातात घालणार नाही, असं गंगेत उभं राहून म्हणावं."

तीस वर्षांच्या बाप्याचं बारसं! कानात कुर्र करायला आत्या कुठून आणणार? पाळणा मजबूत बघा म्हणजे झालं.

तुम्हाला त्या हातमोज्यांचं चामडं तेवढं दिसतं. सुरुवात कुणी केली ते आठवतंय का? बाबा गेले तेव्हा मी अकरा वर्षांचा. वेद पाठ होईना, म्हणून तुम्हीच मला बालाजी घाटाजवळच्या आखाड्यात घातलंत, शरीर तरी होऊ दे म्हणून. शरीर झालंच नाही. तिथला प्रत्येक जण मला उचलायचा आणि आपटायचा. सात वर्षं मी काशीची माती पाठीने चाखली. मग मोगलसराईच्या रेल्वेतल्या एका मराठी कारकुनाकडे सत्यनारायण होता. तुम्हाला ताप होता, तुम्ही मला पाठवलंत. पूजा आटोपून परत निघालो तर रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये दोऱ्या बांधलेल्या, आत दोन पोरं एकमेकांना ठोसत होती आणि परेरा नावाचा गार्ड बाहेरून ओरडत होता. मी खिडकीशी उभा राहिलो. त्याने बघितलं आणि म्हणाला, "ए पंडित, देखता क्या है? आ जा!"

पहिला ठोसा नाकावर बसला. पूजेचा कद रक्ताने भिजला. घरी तुम्हाला सांगितलं की आगगाडीच्या दारावर आपटलो. मला त्यात काय आवडलं म्हणाल, तर परेराने आधी मला काट्यावर उभं केलं. आठ स्टोन सहा पौंड. म्हणाला, "तू बॅंटम है. तेरे सामने तेरे ही वजन का आदमी आएगा, कोई हाथी नहीं." दादा, तोवर माझ्यासमोर सगळे हत्तीच आले होते, त्यात तुम्हीही आलात. माणसांना आधी तोलून मग लढायला लावतात असा खेळ जगात आहे, हे मला अठराव्या वर्षी कळलं आणि मी त्याचा झालो.

बॅंटम म्हणजे ठेंगू जातीचा कोंबडा, हे कुणीतरी तुमच्या कानावर घातलं. "ब्राह्मणाच्या मुलाला कोंबड्याचं बिरुद!" म्हणून तुम्ही आठ दिवस माझ्याशी बोलला नाहीत. त्या कोंबड्यासाठी मी काय केलं ते बघा. लढतीच्या आधी वजन वाढू नये म्हणून चार-चार दिवस पाण्यावर काढले. घरात सगळ्यांना वाटायचं, यज्ञू एकादश्या किती कडक धरतो. पलीकडच्या रेतीवर भर उन्हात घोंगडं पांघरून धावलो. आंघोळीच्या आधी नखं कापली, की तेवढंच वजन कमी. मोगलसराईहून शेवटची गाडी चुकली तर डफरीन पूल पायी ओलांडून आलो आणि पहाटे तुमच्या शेजारी संध्येला बसलो. ओठ फुटलेला असायचा, म्हणून आचमन झोंबायचं.

आणि १९३१ साली अलाहाबादेला अंतिम लढत. समोर गोऱ्या पलटणीतला एक लान्स-कॉर्पोरल, लांब हातांचा. सहाव्या फेरीत मी त्याला बरगडीखाली दोनदा असा हाणला, की तो दोऱ्यांवर वाकला. संयुक्त प्रांताचा बॅंटमवेट विजेता म्हणून माझा हात वर केला, तेव्हा मी सभागृहाच्या मागच्या खांबाकडे बघत होतो. तिथं तांबड्या काठाचं उपरणं होतं. चौथ्या फेरीपर्यंत होतं, मग नव्हतं. तुम्ही आला होतात ना? मी कधी विचारलं नाही. तुम्ही कधी बोलला नाहीत. घरी आलो तर म्हणालात, "उद्या पंचगंगेवर रुद्र आहे, लवकर ऊठ."

त्याच वर्षी वसंतपूजेला काशीतल्या सगळ्या मराठी वैदिकांना बोलावणं गेलं, तुम्हाला आलं नाही. भाऊ चामड्याने तोंडावर मार खातो म्हणून. तुम्ही मला म्हणालात, हे सोड नाहीतर घर सोड. मी घर सोडलं. सहा महिन्यांत येतो, असं तुम्हाला सांगून गेलो. कलकत्त्याला दुसऱ्या वर्षी मी हिंदुस्थानचा बॅंटमवेट विजेता झालो आणि दोन वर्षं राहिलो. भिंतीवरच्या कागदांवर 'लढवय्या पंडित' असं हातभर अक्षरांत छापायचे. तुम्हाला एकदा पाठवला होता. त्याचं काय केलंत? चुलीत घातलात?

तुमचं तूप मला नको. मी जिवंत आहे याला श्लोकाचा आधार लागत नाही.

यज्ञेश्वर


दशाश्वमेध
ता. २३ जानेवारी

ढुंढिराजशास्त्री,

दादा म्हणणार नाही.

काल वहिनी घाटावर आल्या. इकडेतिकडे बघितलं आणि पदराखालून एक कार्ड काढून पायरीवर ठेवलं. म्हणाल्या, "भावोजी, ह्यांची श्राद्धाची पोथी झाडताना सापडलं. मला वाचून उलगडा झाला नाही, पण सही तुमची वाटते. तुमच्या बकुळला अजून दाखवलं नाही."

ते माझं कार्ड आहे. रंगूनच्या इस्पितळातून पाठवलेलं.

पहिली फेब्रुवारी १९३६, शनिवार. समोर मनिलाचा एक माणूस होता. माझ्याच वजनाचा, पण हात कुठून येतो ते दिसायचं नाही. नवव्या फेरीत त्याने मला पाडलं आणि माझं डोकं फळ्यांवर आपटलं. पाच दिवस मी शुद्धीवर नव्हतो. तुमच्या पुतळ्याचा नारळ तुम्ही ठेवलात त्याच सुमाराला माझाही तडकला होता, एवढं तुमचं बरोबर. शुद्धीवर आलो तेव्हा उजव्या हाताची बोटं लाकडात बांधलेली होती. माझ्या खाटेपाशी जौनपूरचा एक कंपाउंडर यायचा. माझ्या मेल्याची बातमी छापून आल्याचं त्यानेच सांगितलं. मी त्याला म्हटलं, आधी कार्ड लिही. त्याने हिंदीत लिहिलं: "मैं जीवित हूँ. अस्पताल में हूँ. घर में सबको बता दें." खाली मी डाव्या हाताने सही केली. यज्ञू. मला यज्ञू म्हणणारं तुमच्याशिवाय आणि वहिनींशिवाय या जगात कोण उरलं होतं?

उत्तर आलं नाही. मला वाटलं, रागावलात. माझ्या मूर्खपणाची कमाल बघा. दोन वर्षं मी समजत होतो की तुम्ही फक्त रागावला आहात.

आता कार्डावरचा शिक्का. बनारस, १४ फेब्रुवारी. वहिनींना विचारलं, पुतळा कधी जाळला. सात तारखेला. म्हणजे कार्ड आलं तो आठवा दिवस. केशवपन दहाव्या दिवशी, सोळा तारखेला. मधे दोन दिवस होते. तुम्ही ते कार्ड वाचलंत, पोथीत घातलंत आणि दोन दिवसांनी न्हाव्याला दारात बसवलंत.

वर्तमानपत्राने तुम्हाला फसवलं असं समजून मी तुमच्यावर चिडलो होतो. तुम्हाला कुणी फसवलं नाही. तुम्हाला ठाऊक होतं. मार खाणाऱ्या भावापेक्षा मेलेला भाऊ तुम्हाला सोयीचा होता. त्या वर्षी वसंतपूजेचं बोलावणं आलं असेल ना? शालजोडी मिळाली? पांघरली?

बावीस वर्षांच्या बाईच्या डोक्यावर वस्तरा फिरत होता तेव्हा तुम्ही कुठल्या खोलीत होतात ते मला लिहून कळवा. नुसतं कबूल करा. नाही कळवलंत तर हे कार्ड मी ब्रह्मघाटापासून अस्सीपर्यंत प्रत्येक मराठी घरात नेऊन वाचून दाखवीन. माझी उजवी मूठ आता पुरती वळत नाही. तुमच्यासाठी ती वळवायचा प्रयत्न करीन.

यज्ञेश्वर


दशाश्वमेध
ता. २७ जानेवारी

दादा,

तुमचं उत्तर मी चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचलं असतं तर धर्मशाळेची भिंत फोडली असती.

तुम्ही लिहिता: "कार्ड आलं तेव्हा आठवा दिवस होता. सुरू झालेली क्रिया मध्येच टाकता येत नाही. टाकली तर प्रेत अधांतरी राहतं आणि साऱ्या कुळाला दोष लागतो. शिवाय अक्षर परकं होतं. मी दोन दिवस जेवलो नाही."

कुणाचं प्रेत, दादा? मी खाटेवर बसून पेज पीत होतो!

मध्येच टाकता येत नाही. हे तुम्ही खरंच मानता, आणि याचाच मला जास्त संताप येतो. तुम्ही लबाड असतात तर मी तुम्हाला दोन ठेवून दिल्या असत्या आणि मोकळा झालो असतो. माझ्या त्या बाटलेल्या धंद्याचा नियम सांगतो, ऐका. माणूस लटपटला की पंच मधे घुसतो. कोपऱ्यातून टॉवेल आत पडला की लढत संपली. पाच हजार लोक रक्त हवं म्हणून ओरडत असले तरी थांबते. मला रंगूनला कुणी वेळेवर थांबवलं नाही म्हणून त्या पंचाला पुढे कुणी उभं केलं नाही. दारू पिणारी, गोमांस खाणारी माणसं मध्येच थांबू शकतात. तुमच्यासमोर आठ ब्राह्मण आणि एक न्हावी होता. तुम्हाला एक न्हावी थांबवता आला नाही.

आणि तुम्ही जेवला नाहीत! मी चार-चार दिवस जेवत नसे. उपाशी राहिल्याने वजन कमी होतं, बाकी काही कमी होत नाही.

आता कामाचं. मी कार्ड कुणाला दाखवणार नाही. तुमच्या सगळ्या अटी मला मान्य आहेत. तूप, बारसं, मुंज, गंगेतली शपथ. चामडं हातात घालणार नाही. हे तुमच्यासाठी नाही. वहिनी म्हणाल्या, विधी झाल्याशिवाय ती सोवळीच राहणार, कुणी तिला माझ्याबरोबर उंबरा ओलांडू देणार नाही, आणि ती ओलांडायचीही नाही. मला ती हवी आहे, म्हणून मी तुमच्या घंगाळात बसेन. वसंतपंचमी म्हणालात, तर वसंतपंचमी.

तिला त्या दिवशी आलवणात आणू नका. शालू घ्या. रंग तिला विचारा.

यज्ञेश्वर


दशाश्वमेध
ता. ८ फेब्रुवारी

बकुळ,

नावाच्या आधी काय लिहायचं इथंच तास गेला. सौ. लिहावं तर ते तुझ्याकडून काढून घेतलेलं. गं. भा. लिहावं तर मी जिवंत असून आपल्या बायकोला विधवा म्हणतो. शेवटी काहीच लिहिलं नाही. हे पत्र लीलावहिनी न फोडता तुझ्या हातात देतील. दादांना मी निरोप पाठवलाय, की यावर त्यांचं नाव नाही.

परवा तू जे केलंस ते मी अजून डोळ्यांसमोरून काढू शकलेलो नाही. मी सकाळपासून तुपात बसलो होतो. थंडीने तूप थिजत होतं, शिवराम आचारी सारखं कढत पाणी ओतत होता. मग बारसं झालं. दादांनीच कानात नाव सांगितलं, तेही डाव्या कानात, ज्याने मला ऐकू येत नाही. मुंज झाली. भिक्षा वहिनींनी घातली. अंतरपाट धरला, तेव्हा काशीतला अर्धा मराठी समाज ओसरीवर होता आणि मी मुंडावळ्या बांधून वाट बघत होतो. तू आलवणातच बाहेर आलीस. नवा शालू घडीसकट हातात होता, तो तू पाटावर ठेवलास.

तू म्हणालीस, "कार्ड भावोजींनी दाबलं, ते मला कळलंय. पण ते भावोजींच्याच नावाचं होतं. सहा वर्षांत यांची एकतीस पत्रं या घरी आली. मला वाचता येतं, चौथी पास आहे. माझ्या नावाचं एक दाखवा, आत्ता माळ घालते."  मग तू आत गेलीस.

मी त्या क्षणी तुझ्यावर भयंकर चिडलो. तुझ्यासाठी सगळ्यांदेखत एवढी फजिती करून घेतली आणि तू मला भर मांडवात पाडलंस, असं वाटलं. दोन दिवस मी घाटावर येरझाऱ्या घालत तुला उत्तरं देत होतो. नवऱ्याने बायकोला वेगळं पत्र लिहायची आपल्यात रीत नाही. घरातल्या कर्त्याला लिहायचं आणि शेवटी 'घरी सर्वांस यथायोग्य' म्हणायचं. त्या सर्वांत तू होतीसच. दादा, बाबा, सगळे असेच लिहीत आले. मग मला आठवलं की मी रीत म्हणून घरात दुसरं काहीच पाळलं नाही. कलकत्त्याला ख्रिस्त्यांच्या पंगतीला जेवलो, चामडं दातांत धरून गाठ आवळली. पाळली ती एवढीच.

म्हणून आता खरं लिहितो. दादांना मी एक लिहिलं, तुला वेगळं लिहितो.

चामडं सोडण्याची शपथ मी गंगेत घेतली, त्यात काही सोडलं नाही. रंगूननंतर मी तीन लढती लढलो आणि तिन्ही हरलो. शेवटची तर तिसऱ्या फेरीत. डावीकडून येणारा ठोसा मला ऐकू येत नाही. ठोसाही आधी ऐकू येतो, हे कान गेल्यावरच कळलं. प्रतिस्पर्ध्याचा पाय फळीवर सरकतो, श्वास सुटतो, मग हात येतो. माझ्या अर्ध्या बाजूला ते सगळं मुकं झालं. वजनही राहिलं नाही. आठ स्टोन सहावर आलो की पाय लटपटायचे, वर गेलो की पुढच्या वजनाची माणसं मला झोपवायची. डॉक्टरने लिहून दिलं, पुन्हा उभा राहिलास तर पुढच्या वेळी वर्तमानपत्राचं खरं होईल. दीड वर्ष मी रंगूनला एका व्यायामशाळेत नवशिक्या गोऱ्या पोरांपुढे हात धरून उभा राहिलो. ती मारायची, मी सांगायचो, वर, खाली, वर. हिंदुस्थानचा विजेता!

कार्डाचं उत्तर आलं नाही, तेव्हा मी दुसरं का पाठवलं नाही, हे दादांनी मला विचारलं नाही. विचारलं असतं तर मी खोटं बोललो असतो. मला बरं वाटलं होतं. उत्तर आलं असतं तर घरी यावं लागलं असतं, आणि मला जिंकून यायचं होतं. राजा घाटाच्या पायऱ्या मी हरलेला चढणार नव्हतो. दर वर्षी म्हणायचो, एक मोठी लढत मारतो आणि जातो. दादांनी दोन दिवस गप्प राहून जे केलं, ते मी दोन वर्षं करत होतो.

आणि त्या दिवशी गल्लीत मी तुला ओळखलं नाही, असं दादांना लिहिलं. ते अर्धंच आहे. समोरून आलवण येताना दिसलं आणि मी तोंड भिंतीकडे फिरवलं. शुभ कामाला निघालेल्या माणसाने सोवळ्या बाईचं तोंड बघू नये म्हणून. लहानपणापासून लागलेली सवय, मान आपोआप वळली. मी बायकोला न्यायला आलो होतो आणि तिचंच तोंड बघू नये म्हणून वळलो. तुझी घागर पडली नसती तर मी तसाच पुढे गेलो असतो.

याची माफी कशी मागायची ते मला येत नाही. मला मारायला येतं आणि मार खायला येतं, आता त्यातलंही अर्धंच.

परेरा निवृत्त झालाय. मोगलसराईच्या इन्स्टिट्यूटमध्ये पोरांना शिकवायला माणूस हवा आहे, हातात चामडं न घालता उभ्याने शिकवलं तरी चालेल म्हणतात. रेल्वेच्या चाळीत एक खोली मिळते. खिडकी रुळांकडे आहे. मी उद्या जाऊन होय म्हणणार आहे, पण होय म्हणण्याआधी तुला विचारायचं होतं. लग्न पुन्हा नको असेल तर नको. दादांना मी तोंड देईन, समाजालाही देईन.

बकुळ, तू येशील का?

यज्ञेश्वर


राजा घाट
ता. १२ फेब्रुवारी

पत्र पोचलं. जाऊबाईंनी न फोडता दिलं. नावाआधी काही लावलं नाहीत ते बरं केलंत.

आठ पानं आहेत. मी दोनदा वाचलं. त्यात रंगून आहे, कलकत्ता आहे, परेरासाहेब आहेत, गोरी पोरं आहेत. तुमचा कान आहे, तुमचे पाय आहेत, तुमचं वजन तर दोनदा आहे. घंगाळातलं तूप थिजलं तेही आहे. माझं नाव दोन वेळा आहे, एकदा सुरुवातीला आणि एकदा शेवटी.

तुम्ही गेलात तेव्हा मी अठरा वर्षांची होते. तुमच्या माघारी माझी आई गेली, ते तुम्हाला ठाऊक नाही. दोन वर्षं मी दिवसातून एकदा जेवते, काय जेवते ते ठाऊक नाही. न्हाव्यापुढे बसवलं तेव्हा माझे हात कुणी धरले, मी ओरडले की गप्प राहिले, नंतर कुठे जाऊन बसले, ते तुम्ही विचारलं नाहीत. भावोजी कुठल्या खोलीत होते ते मात्र विचारलंत, जाऊबाईंनी सांगितलं मला. गल्लीत मान फिरवलीत ते मी पाहिलं होतं. ते लिहिलंत म्हणून हे उत्तर लिहिते आहे, नाहीतर लिहिलं नसतं.

तुम्हाला राग आला की तुम्ही जगभर ओरडत फिरता. मलाही राग येतो. मी तो दोन वर्षं सोवळ्याच्या चुलीपुढे बसून गिळला आहे, आणि आता तुमचा राग ऐकून घ्यायला माझ्यात जागा नाही.

आठ पानांत तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात, येशील का. त्याचं उत्तर मी आत्ता देत नाही. खोली रुळांकडे आहे म्हणता, तेवढ्यावरून मी कशी सांगणार? मी कशी आहे, एवढंही विचारायचं तुम्हाला सुचलं नाही.

दुसरं पत्र लिहा.

बकुळ